वाकता येईल असं पिस्तूल

पिस्तूल कोणत्या कॅलिबरचं घ्यावं, या विषयावर मी एके काळी अर्धा तास न थांबता बोलू शकत असे. आता कोणी तो विषय काढला तर मी चहा टाकायला उठतो. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, बस, यापलीकडे त्यात काही नाही. पण त्या जाडीभोवती माझे सात-आठ महिने गेले, आणि ज्या कामासाठी गेले त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

हे अमेरिकेतल्या रेडमंडमधलं, २००५-०६ च्या सुमाराचं. मी पंचेचाळिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमधला, नुकताच सिटिझन झालेला माणूस. बायको फार्मासिस्ट. सांगलीहून बी.फार्म. होऊन माझ्यामागे इथं आली आणि डिपेंडंट व्हिसावर कित्येक वर्षं घरात बसली. ग्रीन कार्ड आल्यावर पुन्हा पहिल्यापासून अभ्यास, पुन्हा परीक्षा, पुन्हा उमेदवारी. तेव्हा कुठे तिच्या अंगावर पांढरा कोट चढला. त्या कोटाला ती स्वतः इस्त्री करायची. माझ्या शर्टांचं तसं नव्हतं.

तिचं औषधांचं दुकान घरापासून अर्ध्या तासावर होतं आणि तिच्याकडे संध्याकाळची पाळी होती. एका फेब्रुवारीत, दुकान बंद व्हायच्या सुमाराला एकजण काउंटरशी आला, त्यानं पिस्तूल दाखवलं आणि एका वेदनाशामक गोळीचं नाव घेतलं. त्या गोळ्यांची तेव्हा नशा करत. हिनं असतील नसतील तेवढ्या बाटल्या पिशवीत भरून दिल्या आणि तो गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांचं सगळं उरकून ती घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. मी नोकरी सोडणार नाही. आणि हे आईंच्या कानावर घालायचं नाही. त्या मला घरी बसवतील."

आई म्हणजे माझी आई. ती ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी येणार होती. सुनेला तिनं आयुष्यात कधी मोठ्या आवाजात काही म्हटलं नव्हतं. तिला त्याची गरजच पडत नसे. ती एखादी गोष्ट रोज हळूच म्हणायची, आणि महिन्याभरात ती गोष्ट झालेली असायची.

मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या. बाकी तिला विचारलं, ती म्हणाली, "सांगितलं की सगळं." मग मीही पुढे विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली. हजर होता येत नव्हतं ते मला. संध्याकाळ झाली की मला ऑफिसात बसवत नसे. शेवटी मी ऑफिसातून परस्पर तिच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहायला लागलो. दुकान बंद करून ती बाहेर आली की ती तिच्या गाडीत, मी माझ्या गाडीत, अशी आमची वरात घरी निघायची.

आता रेडमंडच्या बाजूला पाऊस पडतो तो आपल्यासारखा नाही. तो नुसता असतो. त्या पावसात रोज छत्री धरून उभं राहिल्यावर एक दिवस दुकानाच्या काचेत मला माझं प्रतिबिंब दिसलं. चष्म्यावर पाणी, पोटावर ताणलेलं जाकीट, हातात मुलीची फुलाफुलांची छत्री. हे बघून कुठला दरोडेखोर माघारी फिरेल? फिरलाच तर हसू आवरायला. आपल्याकडे काहीतरी पाहिजे, हे माझ्या मनानं तिथं घेतलं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गोरा सहकारी दरवर्षी हरणांच्या शिकारीला जायचा. त्याला हळूच विचारलं, रोज अंगावर बाळगायला कुठलं कॅलिबर बरं? त्यानं आधी सँडविच खाली ठेवलं. "हा प्रश्न माझ्या भावाला विचारू नकोस," तो म्हणाला, "आम्ही यावरून थँक्सगिव्हिंगच्या दोन जेवणांत एकमेकांशी बोललो नाही." आणि मग तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलला. नाइन एमएमच्या गोळ्या स्वस्त, हात कमी उडतो. पॉइंट फॉर्टी पोलीस वापरतात, पण ती मनगटाला झटका देते. फॉर्टी-फाइव्ह म्हणजे जाडजूड आणि भारदस्त, तिच्यावर त्याच्या आजोबांची श्रद्धा. थर्टी-एटचं रिव्हॉल्व्हर साधं, कधी अडकत नाही. आणि थ्री-एटी ही नाइन एमएमची धाकटी बहीण, खिशात मावते, पण तिला कोणी मान देत नाही.

मला वाटलं होतं चार पर्याय असतील, त्यातला एक घेऊ, विषय संपेल. पण आमच्या लोकांना साधा राइस कुकर घ्यायचा तरी दहा घरं विचारावी लागतात. शनिवारी नागपूरचा मित्र बायकोसह जेवायला आला. त्याच्यासमोर मी विषय काढला, ही माझी चूक.

"नाइन एमएम?" तो म्हणाला. "अबे, त्यानं माणूस थांबत नाही, नुसता चिडतो. फॉर्टी-फाइव्हच घे."

"तू चालवलीयेस कधी?"

"चालवायला कशाला पाहिजे? वाचलंय ना यार मी. फोरमवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीयेत."

त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, याचं काही ऐकू नका. आमच्याकडे उंदीर निघाला तर यानं पिंजऱ्यात धरून पार्कात सोडला. वर त्याला चीजचा तुकडा दिला."

"तो अमेरिकन उंदीर होता बे. त्याचे राइट्स असतात."

माझी मुलगी तेव्हा हायस्कूलला होती. ती जिन्यावरूनच म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन किल अ स्पायडर." आणि वर निघून गेली. बायको ताटं उचलत होती. ती या चर्चेत काहीच बोलली नाही. ते मी संमती म्हणून धरलं.

सहकाऱ्यानं मला त्याच्या शूटिंग रेंजवर नेलं. तिथं तासाच्या भाड्यानं पिस्तुलं मिळत. कानावर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर चष्म्यावरचा चष्मा. माझी समजूत अशी, की लहान हत्यार म्हणजे लहान धक्का. म्हणून मी आधी सगळ्यात हलकं, मुठीएवढं थर्टी-एटचं रिव्हॉल्व्हर उचललं. त्यानं माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात अशी लाथ घातली, की पुढे दोन दिवस माउस धरताना मी त्याची आठवण काढत होतो. हत्यार जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त, हे सहकारी मागून सांगत होता, पण कानावर मफ होते. फॉर्टीनं नेम छताकडे नेला. फॉर्टी-फाइव्ह मात्र मला आवडली. तिचा धक्का जड होता, पण सभ्य होता, एखाद्या पैलवानानं खांदा लावून बाजूला सारावं तसा. आणि नाइन एमएमनं मी कागदी माणसाच्या छातीवर चक्क एक भोक पाडलं. बाकीच्या गोळ्या कुठं गेल्या, ते त्या कागदालाच माहीत.

मग पिस्तुलांच्या दुकानात गेलो तो फॉर्टी-फाइव्ह घ्यायच्या बेतानं. विक्रेता मोबाईलचे प्लॅन सांगावेत तितक्या निर्विकारपणे एकेक काढून दाखवत होता. बाळगायचं कुठं, असं त्यानं विचारलं. पोटापुढे शक्य नव्हतं. म्हणजे जागा भरपूर होती, पण ती मला दिसत नव्हती. मग उजव्या बाजूला, जरा पाठीकडे, पट्ट्याच्या आत. रिकामी फॉर्टी-फाइव्ह म्यानात घालून त्यानं ती माझ्या कमरेला लावली, वर शर्ट सोडला आणि म्हणाला, "चालून बघा, बसून बघा."

मी चाललो. बसलो. आणि मग, का कुणास ठाऊक, आई येणार हे डोक्यात होतं म्हणून असेल, मी वाकलो. पूर्ण. दोन्ही हात जमिनीकडे.

"काही पडलं का?" विक्रेत्यानं काउंटरवरून वाकून विचारलं.

नाही म्हटलं, आमच्यात मोठी माणसं भेटली की असं वाकावं लागतं.

"किती वेळा?"

सणावारी बऱ्याचदा, म्हटलं. गणपतीत तर विचारू नका.

त्यानं आरशात दाखवलं. शर्ट पाठीवर ताणला गेला होता आणि त्याखाली पिस्तुलाची मूठ मागून शिंग फुटल्यासारखी वर आली होती. आम्ही फॉर्टी लावून पाहिली. मी वाकलो. तेच. जाड बांध्याची नाइन एमएम लावली, वाकलो. तेच, जरा कमी. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी आपापली खरेदी थांबवली होती. थ्री-एटी मात्र बेमालूम लपली. पण ती घेतली असती तर नागपूरकरानं मला आयुष्यभर जगू दिलं नसतं. शेवटी एक चपटी नाइन एमएम निघाली, गोळ्या एकाच रांगेत बसणारी, बारीक अंगाची. पूर्ण वाकलं तरी नुसता उंचवटा दिसायचा, जाड पाकीट असावं तसा. तीच घेतली. सोफ्यावर पडून रात्र रात्र लोक गोळीच्या माणूस थांबवण्याच्या ताकदीवर भांडतात, आणि माझं कॅलिबर ठरलं ते नमस्कारानं.

पोलीस स्टेशनात बोटांचे ठसे दिले, लायसन्स आलं. रोज बाळगायचं म्हणून घेतलं खरं, पण बाळगायचं कुठं? ऑफिसात कंपनीचा नियम, तिथं नाही. पोस्टात नाही. रविवारची मराठी शाळा एका शाळेच्या इमारतीत, म्हणून तिथं नाही. मराठी मंडळाचे कार्यक्रमही शाळेच्याच हॉलमध्ये. विमानतळावर उगाच भानगड नको. राहता राहिलं काय, तर संध्याकाळी घरी यायचं, कपाटातली कुलपाची पेटी उघडायची, ते लोढणं कमरेला अडकवायचं आणि तिच्या पार्किंग लॉटमध्ये जायचं. पँट उजवीकडे घसरायची. म्हणून जाड पट्टा घेतला, तो पोटात रुतायचा. गाडीत बसलं की मूठ बरगडीत घुसायची. उभं राहिलं की मी सारखा चाचपून बघायचो, आहे ना, दिसत नाही ना. भीती कमी होईल असं वाटलं होतं. झालं एवढंच, की आधी मी तिला काही होईल म्हणून घाबरायचो, आता मला काही करावं लागेल म्हणूनही घाबरायला लागलो. काही झालं नाही. रोज संध्याकाळी काही होत नव्हतं, आणि त्यानंच मी थकत चाललो होतो.

ऑगस्टात आई आली. विमानतळावर कमर मोकळी होती, मी झोकात वाकलो. घरात मात्र मी तिच्यासमोर यायच्या आधी गॅरेजमधूनच सटकायचो. सुनेला आणायला का जातोस, असं तिनं विचारलं तेव्हा, तिला रात्रीचं ड्रायव्हिंग नको वाटतं, असं सांगून टाकलं. स्वतःची गाडी घेऊन गेलेल्या बायकोला दुसरी गाडी घेऊन आणायला जाणारा नवरा आईला जरा विचित्र वाटला असणार. पण अमेरिकेत असेल बाई तशी पद्धत, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मग सप्टेंबरात माझा वाढदिवस आला. मी निघायच्या घाईत, जाकीट चढवून दाराशी. तर आई हातात निरांजनाचं तबक घेऊन उभी.

"थांब. ओवाळल्याशिवाय कुठं निघालास?"

"आल्यावर ओवाळ ना आई. उशीर होतोय."

"दिवेलागणीची वेळ आहे. आणि ते जाकीट काढ, पाहुण्यासारखा काय उभा राहतोस."

जाकीट काढलं. पाटावर बसलो, मूठ बरगडीत. तिनं ओवाळलं, तोंडात साखर घातली. आता उठून नमस्कार. मी वाकलो. दुकानात आरशासमोर मी सगळं पाहिलं होतं, किती ताणतं, किती दिसतं. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. नुसतं वाकलेलं बघणाऱ्या लोकांच्या दुकानात होतो ना मी. आपली आई वाकलेल्या मुलाकडे बघत नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते.

हात मानेपासून निघाला तो खाली कमरेपर्यंत आला आणि थांबला.

"हे रे काय टणक?"

मी वाकलेलाच होतो. त्या अवस्थेत माणसाला जे सुचेल ते मी बोललो. "पट्टा आहे. कमरेचा. डॉक्टरांनी दिलाय."

"अगं बाई! आणि मला बोलला नाहीस?"

तिथून पुढे माझ्या नसलेल्या कमरदुखीनं घराचा ताबा घेतला. सकाळी शेकायला गरम पाण्याची पिशवी. दुपारी सांगलीला फोन लावून मावशीकडून लेपाची चौकशी. मला पिशव्या उचलायला बंदी, आणि वाकून नमस्काराला तर कायमची बंदी. म्हणजे ज्यासाठी फॉर्टी-फाइव्ह सोडली तेच बंद झालं. हेसुद्धा मी सहन केलं असतं. पण आईनं कारण शोधून काढलं. एका सकाळी डाळ निवडत ती सुनेला अगदी हळूच म्हणाली, "रोज संध्याकाळी तासभर गाडीत बसून त्याची कंबर मोडतेय गं. तुझी ती संध्याकाळची नोकरी नसती तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी, "पैशाला काही कमी आहे का आपल्याला?" तिसऱ्या दिवशी, "मी काही म्हणत नाही हो. तुमचं तुम्ही बघा."

हे मी वर सांगितलं तसलं हळूच होतं. महिन्याभरात होणारं.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर बायकोनं मला गॅरेजमध्येच थांबवलं. दोन्ही गाड्यांची इंजिनं अजून तडतडत होती.

"अहो, आईंना कळलं तर त्या मला घरी बसवतील, म्हणून त्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मग? सांगितलं कुठं मी?"

"न सांगताच बसवायला निघाल्यात! तुमच्या त्या पट्ट्यापायी. दरोडेखोरानं माझी नोकरी घालवली नाही, तुमची कंबर घालवणार."

"मी उद्या सांगतो, कंबर बरी झाली म्हणून."

"आणि रोज गाडीत बसून ती पुन्हा मोडेल, असं त्या म्हणाल्या की?"

मग ती पांढऱ्या कोटाची बटणं काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? तो माणूस पिस्तूल काढून उभा नव्हता. ते नुसतं एकदा दाखवलं त्यानं. बाकी सगळा वेळ काचेपलीकडे थांबला होता, दुकान रिकामं व्हायची वाट बघत. जाकिटाखाली उजवा हात, आणि सारखं चाचपणं. मला वाटलं, याच्या पोटात दुखतंय. औषधाला आला असेल. आणि आता रोज मी कुलूप घालायच्या आधी बाहेर बघते, तर काचेपलीकडे एकजण उभा असतो. जाकिटाखाली उजवा हात. सारखं चाचपणं."

"अगं, पण तो मी असतो."

"माहितीये हो मला. पण ते आठवायला मला रोज एक क्षण लागतो."

तोपर्यंत मी समजत होतो, की ती सावरली आहे आणि घाबरलेला मी एकटाच आहे. ती सावरलीच होती. मी तिला रोज आठ वाजता परत तिथं नेऊन उभी करत होतो, एवढंच.

ती सरळ आत गेली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. मी मागे दारात उभा. आईनं निवडायचं ताट बाजूला ठेवलं. तिचा चेहरा उतरत गेलेला दिसला.

मग म्हणाली, "मागेल ते दिलंस ना लगेच?"

"दिलं."

"शहाणी आहेस." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग तो पट्टा?"

मी पाठ वळवून शर्ट वर केला. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि मागे सरकली. "हे कमरेला असताना मी ओवाळलं याला?" असं ती म्हणाली आणि मला वाटलं आता रडेल. पण तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं तिच्याकडे, आणि दोघी हसायला लागल्या. आईला ठसका लागला. "गरम पाण्याची पिशवी," एवढंच ती मधेमधे म्हणत होती. हसणं ओसरल्यावर मात्र तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेचा हात धरून विचारलं, "सोडावीशी नाही ना वाटत तुला?"

"नाही."

"मग नको सोडू. मला रोज धसका वाटेल. तो माझा मी बघीन."

"आणि तुम्ही," बायको माझ्याकडे वळली, "तुम्ही येऊ नका. मी माझी येत जाईन. तुम्ही घरी भात लावून ठेवत जा. रोज आल्यावर मीच कुकर लावते, ते कोणाच्या लक्षात तरी आलंय का?"

पिस्तूल मी त्याच दुकानात परत विकलं. विक्रेत्यानं मला ओळखलं. "वाकणारे गृहस्थ," म्हणाला. काही बिघडलं का, असं त्यानं विचारलं. बसत नाही मला, म्हटलं, आणि तो लगेच दुसरं दाखवायला लागला. नागपूरकर अजूनही म्हणतो, नाइन एमएम घेतलीस तिथंच चुकलं.

संध्याकाळ मात्र मला तशीच येत राहिली. कुकर चढवायचा, शिट्ट्या मोजायच्या, गॅस बंद करायचा. मग आई आणि मी टेबलाशी समोरासमोर बसायचो. टीव्ही लावला तरी आवाज बंद. ती घड्याळाकडे बघायची नाही, मीही नाही, आणि आम्ही मुद्दाम टाळतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं. एकदा फ्रीवेवर खोळंबा झाला आणि बायकोला उशीर झाला. आई म्हणाली, "तू गेला असतास तर बरं झालं असतं का रे?" मी म्हटलं, "नाही." "मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली, आणि भात निवेल म्हणून त्यावर ताट झाकायला उठली. थोड्या वेळानं रस्त्यावर गाडी वळल्याचा उजेड भिंतीवरून सरकला. आमची नव्हती. त्यानंतरची आमची होती.